क्लच प्लेट पुन्हा पुन्हा जळते: तिसरा सेट बसवण्यापूर्वी काय तपासावे

नीट चालवलेल्या मोटारीची क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षण-चकती) साधारणपणे ६० हजार ते १ लाख किलोमीटर टिकते. मुंबई-पुण्याच्या गर्दीत रोज अडकणाऱ्या गाडीची प्लेट ४०-५० हजारांतच संपली, तरी त्याबद्दल फारशी तक्रार करता येत नाही. मात्र १०-१५ हजार किलोमीटरमध्येच चढावर जळका वास येऊ लागला, इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी ओढेनाशी झाली, गॅरेजमध्ये नवा सेट बसवला आणि तेवढ्याच अंतरानंतर पुन्हा तेच घडले, तर दोष प्लेटच्या बाहेर कुठे तरी आहे असे धरून चालावे. अशा वेळी मेकॅनिक म्हणतो, की तुम्ही क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता. मालक म्हणतो, की माल हलका बसवला. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात, दोन्ही खोट्याही असू शकतात, आणि हा वाद बोलून सुटत नाही. तो गाडीतून काढलेल्या भागांवरून सुटतो. दुर्दैवाने नेमके तेच भाग संध्याकाळपर्यंत भंगारात गेलेले असतात.

म्हणून गाडी कामाला सोडताना जॉब कार्डवर एक ओळ आवर्जून लिहून घ्यावी: जुनी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे बेअरिंग) न पुसता, न धुता परत मिळावेत. ‘न धुता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण पेट्रोलने स्वच्छ केलेली प्लेट निम्मी माहिती गमावून बसते. क्लच हा झिजणारा भाग समजला जात असल्याने तो बहुधा वॉरंटीत धरला जात नाही. तरीही झीज वापरामुळे झाली नसून तेलगळतीमुळे किंवा चुकीच्या जुळणीमुळे झाली, हे दाखवायचे असेल तर हातात पुरावा लागतोच.

आधी दुखणे नेमके कोणते ते ठरवावे

‘क्लच गेला’ या दोन शब्दांत किमान तीन वेगवेगळे बिघाड कोंबले जातात. क्लच घसरणे म्हणजे पेडल पूर्ण सोडल्यावरही प्लेट घट्ट न पकडली जाणे. क्लच पूर्ण न सुटणे म्हणजे पेडल तळापर्यंत दाबूनही प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनाला जोडलेल्या जड चाकापासून) मोकळी न होणे. तिसरा बिघाड आवाजाचा किंवा गाडी सुटताना बसणाऱ्या थरथरीचा. यांतला पहिला प्लेट थेट जाळतो. दुसऱ्यात आधी गिअरबॉक्सचे सिंक्रोनायझर (गिअर टाकताना वेग जुळवणारे भाग) झिजतात, आणि तिसऱ्यात प्लेट अगदी ठणठणीत असू शकते.

घसरण तपासण्यासाठी मोकळा, सपाट रस्ता निवडावा, चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास गाडी स्थिर करावी आणि अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग एकमेकांच्या प्रमाणातच वाढले पाहिजेत. फेऱ्यांचा काटा उडी मारून पुढे गेला आणि वेग मागून सावकाश आला, तर प्लेट घसरते आहे. टर्बो डिझेल गाडीत ही घसरण सर्वप्रथम मिनिटाला १,८०० ते २,५०० फेऱ्यांच्या पट्ट्यात दिसते, कारण इंजिनाचा पीळ (टॉर्क) तेथे सर्वाधिक असतो. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे, ही गॅरेजमधली लाडकी चाचणी एखाद्या वेळी ठीक आहे, परंतु ग्राहकाला पटवण्यासाठी ती पाच-सहा वेळा करून दाखवली, तर उरलीसुरली प्लेटही त्या प्रात्यक्षिकातच खर्ची पडते.

क्लच पूर्ण सुटतो का, हे पाहण्यासाठी उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून क्लच तळापर्यंत दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. गिअर खरखरला तर प्लेट अजून फिरते आहे. अशा वेळी प्लेटचा संशय घेण्याआधी पायाखालची जाड मॅट उचलून पाहावी. पेडलखाली दुमडलेल्या मॅटमुळे क्लच पूर्ण दाबला न जाणे ही दिसते त्यापेक्षा नेहमीची गोष्ट आहे. आवाजाचे सूत्रही सोपे आहे. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना आवाज येऊन दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (क्लचकडून ताकद आत नेणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग पाहावे. दुसऱ्या प्रकारच्या आवाजासाठी क्लच सेट बदलणे म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे होय. सुटताना गाडी थरथरत असल्यास इंजिनाचे माउंटिंग रबर आधी तपासावेत, ते स्वस्तही असतात.

काढलेली प्लेट काय सांगते

आता काढलेले भाग उजेडात ठेवून पाहावेत. प्लेटचे घर्षण-अस्तर दोन्ही बाजूंनी एकसारखे झिजून रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आले असेल, तर ती दीर्घकाळ थोडी थोडी घासली गेली आहे. बहुतेक सर्व्हिस पुस्तिकांत रिव्हेटची डोकी अस्तराच्या पृष्ठभागाखाली किमान ०.३ ते ०.५ मिलिमीटर असावीत असे सांगितलेले असते. एवढी झीज १२ हजार किलोमीटरमध्ये झाली असेल, तर एक तर पाय सतत पेडलवर आहे किंवा क्लच यंत्रणेतच थोडा दाब कायम अडकून राहतो आहे. याउलट अस्तराची जाडी शिल्लक आहे, परंतु ते काळे पडून कडांना भुगा झाला आहे आणि प्रेशर प्लेटवर निळसर डाग व बारीक तडे आहेत, असे दिसले तर ती सावकाश झीज नव्हे. ती प्लेट एखाद्या दुपारी, एखाद्या चढावर, काही मिनिटांत जळली आहे. अशा वेळी ‘त्या दिवशी गाडी कोणी चालवली’ हा प्रश्न घरात विचारणे जड जाते, पण टाळता येत नाही.

अस्तर चिकट, चकचकीत आणि तेलकट असेल तर चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. तेल कुठून आले हे पाहावे. फ्लायव्हीलच्या मागून ओघळ आला असेल तर क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील गळते आहे. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) गिअरबॉक्सकडील बाजूला ओघळ असेल तर इनपुट शाफ्टचे सील गेले आहे, आणि गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास ते तेल ओळखायला मदत करतो. प्लेटच्या मध्यापासून कडेकडे सूर्यकिरणांसारख्या रेषा उमटल्या असतील, तर मागच्या वेळी स्प्लाइनवर (प्लेट ज्यांवर सरकते त्या शाफ्टच्या दात्यांवर) भरमसाठ ग्रीस फासले गेले होते आणि ते फिरताना बाहेर फेकले गेले आहे. सील न बदलता केवळ प्लेट बदलली, तर नवी प्लेटही त्याच तेलात भिजणार. पुन्हा पुन्हा जळणाऱ्या क्लचच्या प्रकरणांत हा सर्वांत सहज टाळता येण्याजोगा प्रकार आहे. सीलची किंमत संपूर्ण कामाच्या खर्चापुढे नगण्य असते. खर्च असतो तो गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीचा.

प्रेशर प्लेटच्या मधोमध दिसणाऱ्या डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्याही पाहाव्यात. त्यांच्या टोकांवर खोल खाच पडली असेल तर बेअरिंग त्यांच्यावर सतत दाबाखाली फिरत होते. खाच वर्तुळाच्या मध्यापासून एका बाजूला सरकलेली असेल तर बेअरिंगची मार्गदर्शक नळी झिजली आहे किंवा गिअरबॉक्स सरळ रेषेत बसलेला नाही. प्लेटच्या हबच्या स्प्रिंगा तुटल्या असतील किंवा हब वाकला असेल, तर क्लच झटक्याने सोडण्याची सवय किंवा बसवताना गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लटकत राहणे, या दोहोंपैकी एक कारण बहुधा निघते. अस्तराचे मोठे तुकडे उडाले असतील तर कारण फार वेगळे आणि अनेकांना ठाऊक नसलेले असते. घाट उतरताना पहिला गिअर टाकलेला असताना क्लच दाबून गाडी सोडून दिली, की प्लेट इंजिनाच्या नव्हे तर चाकांच्या वेगाशी बांधली जाते. साध्या हॅचबॅकमध्ये ताशी ६० किलोमीटरला ती मिनिटाला ८ हजारांहून अधिक फेरे घेऊ लागते. फेऱ्यांचा काटा मात्र शांतपणे ८०० वर असतो, त्यामुळे चालकाला काहीच कळत नाही.

पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि चालक खरोखर निर्दोष असताना दोष त्याच्या माथी येतो तो बहुधा याच कारणामुळे.

केबलच्या क्लचमध्ये पेडलला सुरुवातीची मोकळी हालचाल असावी लागते. ती बहुतेक गाड्यांत १० ते २५ मिलिमीटरच्या दरम्यान असते, आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. प्लेट जसजशी झिजते तसतशा डायफ्रामच्या पाकळ्या बेअरिंगच्या दिशेने सरकतात, आणि ज्या गाड्यांत आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा नाही त्यांत ही मोकळी हालचाल कमी होत जाते. ती शून्यावर आली, की पेडलला कोणाचाही पाय लागलेला नसताना केबल बेअरिंग दाबून धरते, पकड सैल होते, घसरणीतून झीज वाढते आणि झिजेमुळे केबल आणखी ताणली जाते. हे चक्र एकदा सुरू झाले, की उरलेली प्लेट फार लवकर संपते. महिन्यातून एकदा हाताने पेडल हलके दाबून मोकळी हालचाल पाहणे एवढाच यावरचा उपाय आहे. केबल आतून गंजून अडखळत असेल, तिच्या तारा पिंजल्या असतील किंवा तिला कुठे तीव्र वळण पडले असेल, तर पेडल वर येते पण क्लचकडील टोक पूर्ण परतत नाही. कोकणातल्या दमट हवेत आणि लाल मातीत हे लवकर घडते. क्लच फोर्कचे (बेअरिंग ढकलणाऱ्या काट्याचे) रबर फाटले असेल तर चिखल थेट बेल हाउसिंगमध्ये जातो, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमध्ये झीज आपोआप भरून निघते, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही. येथे मास्टर सिलिंडर (पेडलकडील सिलिंडर) पाहायचा. पेडल सोडल्यावर त्याचा पिस्टन पूर्ण मागे आला पाहिजे, तेव्हाच टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडते आणि नळीतला दाब सुटतो. पुशरॉड (पेडल आणि पिस्टन यांमधला दांडा) घट्ट बसवला असेल, पेडलची स्प्रिंग थकली असेल किंवा चुकीचे तेल घातल्याने आतील रबरी सील फुगले असेल, तर ते छिद्र बंदच राहते. मग इंजिनाच्या उष्णतेने तेल प्रसरण पावते, अडकलेला दाब वाढतो आणि क्लच आपोआप अर्धवट दबतो. या दोषाची खूण ठळक असते. सकाळी थंड गाडी उत्तम ओढते, अर्ध्या तासाने घसरू लागते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुधारते. घसरण चालू असताना गाडी थांबवून, मेकॅनिककडून स्लेव्ह सिलिंडरची (क्लचकडील सिलिंडरची) ब्लीड निपल, म्हणजे हवा-तेल बाहेर काढण्याची तोटी, क्षणभर उघडून घ्यावी. थोडे तेल जोराने उडाले आणि घसरण लगेच थांबली, तर निदान पक्के झाले. या गाडीला नव्या प्लेटची नव्हे, तर मास्टर सिलिंडर किंवा आतून फुगलेली रबरी नळी बदलण्याची गरज आहे. प्लेट जळली असल्यास ती अर्थातच बदलावी लागेल, परंतु या दुरुस्तीनंतर.

ब्रेक व क्लचच्या टाकीत पुस्तिकेत सांगितलेलेच, म्हणजे बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचे तेल घालावे आणि ते दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते. ज्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टभोवतीच बसवलेला असतो, त्यांत क्लचचे काम करताना तोही नवा घालावा. तो गळाला तर तेल सरळ नव्या प्लेटवर येते आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

चालवण्यातला दोष: उष्णतेचा हिशेब

आता चालकाकडे वळू. साधारण १,२०० किलो वजनाची हॅचबॅक, इंजिनाचे फेरे १,५०० वर ठेवून, सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये सोडली, तर ताशी सुमारे ११ किलोमीटरला क्लच पूर्ण पकडतो. तोपर्यंत जेवढी गतिज ऊर्जा गाडीला मिळते, साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते, म्हणजे साडेपाच किलोज्यूलच्या आसपास. हीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडली तर पकड ताशी २० किलोमीटरला येते आणि उष्णता सुमारे साडेअठरा किलोज्यूल होते, तिपटीहूनही अधिक. थांबता थांबता राहिलेल्या गाडीला ‘कशाला पहिला टाकायचा’ म्हणून दुसऱ्यावरच ओढणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

चढावर अर्धा क्लच धरून गाडी जागच्या जागी तोलणे हे याहून वाईट. दहास एक या प्रमाणाच्या चढावर तीच गाडी १,५०० फेऱ्यांवर तोलून धरली, तर क्लचमध्ये सुमारे साडेतीन किलोवॅट दराने उष्णता तयार होते. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी पूर्ण क्षमतेला साधारण २ किलोवॅट घेते. येथे जवळजवळ तशा दोन शेगड्या बंद डब्यात पेटलेल्या असतात, आणि गाडी तसूभरही पुढे जात नसते. दहा सेकंद असे उभे राहणे म्हणजे सपाट रस्त्यावरून सहा-साडेसहा वेळा गाडी सोडण्याइतका मार क्लचला बसतो. खंबाटकी किंवा बोरघाटात रांग सरकत असताना हे पन्नास वेळा घडले, तर वास येणारच. चढावर हँडब्रेक हेच उत्तर आहे. क्लच पकडू लागल्यावर गाडीचे नाक किंचित उचलले, की हँडब्रेक सोडावा. हिल होल्ड (चढावर ब्रेक क्षणभर धरून ठेवणारी सोय) असलेल्या गाड्यांत ब्रेक सोडल्यानंतर मोजून दोन-एक सेकंद मिळतात, तेवढे सरावाने पुरतात.

शहरातील सोसायट्यांच्या तळघरातून रिव्हर्समध्ये वर येणे हा या दुखण्याचा नवा घाट म्हणता येईल. रिव्हर्सचा गिअर साधारण पहिल्याइतकाच जोरकस असला, तरी मान वळवून, खांब चुकवत, इंच इंच सरकताना क्लच सतत अर्ध्यावर राहतो. शक्य असेल तर आत जातानाच गाडी उलटी लावावी, म्हणजे बाहेर पडताना सरळ पहिल्या गिअरमध्ये चढता येते.

गर्दीत प्रत्येक वीतभर जागेसाठी क्लच सोडण्याऐवजी पुढे थोडे अंतर पडू द्यावे आणि मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी आपोआप ताशी सहाएक किलोमीटरने सरकू द्यावी. मधल्या जागेत रिक्षा शिरते, हे खरे आहे. नव्या क्लच सेटपेक्षा तरी रिक्षा परवडते. सिग्नलला न्यूट्रल करावे. गाडी चालू असताना डावा पाय पेडलशेजारच्या विश्रांतीच्या जागी असावा, आणि तो तेथे सहज पोहोचत नसेल तर चालकाला उपदेश करण्यापेक्षा सीट मागेपुढे करून पाहावी. क्लचची पकड इंजिनाच्या कमाल पिळाच्या साधारण सव्वा ते दीडपटच राखलेली असते, त्यामुळे पेडलवर विसावलेल्या पायाचे थोडे वजनही त्या राखीव ताकदीतूनच वजा होते. डिझेल इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी रीमॅप करून घेणाऱ्यांनीही हाच आकडा ध्यानात ठेवावा. तसेच मागचा ब्रेक अडकलेला नाही ना, हे उतरून चाकाला हात न लावता, केवळ जवळ नेऊन उष्णता जाणवते का, यावरून पाहावे. ओढून धरलेली गाडी प्रत्येक वेळी सोडताना क्लचच झिजतो.

एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रानेच हलवणाऱ्या) गाड्यांचे मालक या प्रकरणातून सुटले असे समजू नये. त्यांतही असाच कोरडा क्लच असतो, फक्त पाय यंत्राचा असतो. अॅक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरली तर तोही असाच जळतो.

बसवताना काय पाहावे

नवा सेट म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे तिन्ही, एकाच उत्पादकाचे आणि गाडीच्या चासी क्रमांकावरून जुळवलेले असावेत. एकाच मॉडेलच्या पेट्रोल व डिझेल आवृत्त्यांच्या प्लेटा वेगळ्या असू शकतात. केवळ प्लेट बदलून जुनी, उष्णतेने वाकलेली प्रेशर प्लेट पुन्हा लावणे ही काटकसर अंगाशी येते. फ्लायव्हीलवर निळे डाग, तडे किंवा नखाला लागणाऱ्या चरी असतील तर त्याला लेथवर किंवा ग्राइंडिंग मशीनवर फेसिंग (पृष्ठभाग सपाट) करून घ्यावे. फ्लायव्हील पायरीचे (क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट यांच्या जागा वेगवेगळ्या उंचीवर असलेले) असेल तर त्या पायरीची उंची मूळ मापाचीच राखली पाहिजे, अन्यथा प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. ड्युअल मास फ्लायव्हीलला (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांच्या फ्लायव्हीलला) मात्र फेसिंगच्या वाटेला जाऊ नये. त्याचा खेळ मर्यादेबाहेर गेला असेल तर तो बदलावा लागतो, आणि तो महाग असल्यामुळेच अनेकदा तसाच ठेवला जातो.

नव्या प्रेशर प्लेटवर गंज न लागण्यासाठी तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो पुसून काढल्याशिवाय ती बसवू नये. प्लेट मध्यावर आणण्यासाठी अलाइनमेंट टूल वापरावे, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आणि टॉर्क रेंचने आवळावेत, स्प्लाइनवर ग्रीसचा केवळ हात फिरवावा आणि गिअरबॉक्स जॅकवर तोलून आत सरकवावा. हे सर्व कोणी उभे राहून पाहू देत नसेल, तरी निदान सील बदलले का आणि फेसिंग झाले का, हे बिलावर लिहून मिळाले पाहिजे.

नवा क्लच बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर जोराचे पिकअप, घाटातला जड भार आणि गाडी ओढून नेणे टाळावे, कारण अस्तराचा पूर्ण पृष्ठभाग फ्लायव्हीलवर बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर चौथ्या गिअरची चाचणी एकदा करावी. केबलच्या गाडीत पेडलची मोकळी हालचाल मोजून आकडा वहीत लिहावा आणि दर हजार-दोन हजार किलोमीटरने पुन्हा मोजावा. हायड्रॉलिक गाडीत टाकीतील पातळीवर खूण करावी. प्लेट झिजते तसे तेल टाकीकडे परत येऊन ही पातळी किंचित वर सरकते, म्हणून ती खाली गेलेली दिसली तर गळती शोधावी. पाच हजार किलोमीटरच्या आत मोकळी हालचाल निम्म्यावर आली, तर प्लेट पूर्ण जळण्याची वाट न पाहता तीच वही घेऊन गॅरेजला जावे.